गळ्यातला हार की लोढणं?

(दृश्य : चुलीवर तापलेला तवा. भाकरी थापल्याचा आवाज.)

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर,
आधी हाताला चटके, तव्हां मिळते भाकर.

या ओळी ठाऊक नाहीत असं मराठी घर विरळाच. पण आपण बहुतेक जण इथेच थांबतो. संसार म्हणजे चटके, एवढंच मनात राहतं. बहिणाबाई चौधरी मात्र इथे थांबलेल्या नाहीत.

जळगावजवळचं असोदे हे त्यांचं माहेर. जन्म 1880 चा. अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना ओठांवर येईल ते त्या गात. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तरी संसाराबद्दल त्या म्हणतात :

अरे संसार संसार, नहीं रडनं कुढनं,
येड्या, गयांतला हार, म्हनूं नको रे लोढनं.

'गयांतला' म्हणजे गळ्यातला. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. आणि लोढणं? ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. जनावर पळायला लागलं की तो पायांत येतो. हारही गळ्यातच असतो, लोढणंही गळ्यातच. जागा तीच, वजन वेगळं. आज लोढणं पाहिलेला माणूस शहरात सापडणं कठीण, आणि 'नकोसं ओझं' एवढा अर्थ सांगितला की त्यातलं जनावरही जातं आणि त्याची पळण्याची ओढही जाते.

(दृश्य : वेलीवरची काकडी. विळीवर तिचं टोक कापलं जातं.)

पुढे त्या संसाराला वेलीवरचा खीरा म्हणतात. खीरा, म्हणजे काकडी. 'एके तोंडामधी कडू, बाकी अवघा लागे गोड.' हे तोंड खाणाऱ्याचं नाही, काकडीचं. तेवढं टोक कापून टाकायचं, काकडी नाही.

आणि मग येतो भिलावा. आपला बिब्बा.

अरे संसार संसार, म्हनूं नको रे भिलावा,
त्याले गोड भिमफूल, मधी गोडंब्याचा ठेवा.

मला ही ओळ साऱ्या कवितेत सगळ्यात खोल वाटते. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. परीट कपड्यांवर न जाणारी खूण करत, तीही याच तेलाची. म्हणून संसाराला बिब्बा म्हणणं ही शिवीच. पण ज्या बाईनं झाड पाहिलंय, तिला ठाऊक आहे की त्या काळ्या बीच्या डोक्यावर पिकलेलं, गोड भीमफूल असतं आणि कवचाच्या आत गोडंबी. लाडवात घालतो ती. दोन गोडव्यांच्या मधोमध आग. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात आजही पोळतात, म्हणजे पहिल्या कडव्यातला चटका इथेही आहेच.

'संसार' हा शब्द मुळात जन्ममरणाच्या फेऱ्याचा. संतांनी त्याला दुःखाचं मूळ म्हटलं, भवसागर म्हटलं. घराघरांतून तोच शब्द चूल, भांडी, लेकरं यांच्यासाठी वापरला गेला. बहिणाबाईंच्या कवितेत हे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे राहतात :

अरे संसार संसार, खोटा कधी म्हनूं नहीं,
राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनूं नहीं.

कयस म्हणजे कळस. लांबून पाहिला तर देवळाचा कळस खरोखर लोट्यासारखाच दिसतो.

(दृश्य : देवळाचा कळस. कॅमेरा खाली उतरतो. ओट्यावर पाण्याचा लोटा, शेजारी भाकरीची दुरडी.)