नेवार्कची लतीफा, खान्देशच्या पोरी

[दृश्य : जळगाव, मुलींचं वसतिगृह. स्टीलचा डबा, त्यावर नाचणारी बोटं.]

डबा घरून आलेला आहे. त्यातल्या कळण्याच्या भाकरी संपल्या की त्याची ढोलकी होते. एक जण ठेका धरते, दुसरी ओठांनी ताल काढते, आणि चोपडा तालुक्यातून शिकायला आलेली तिसरी वही मिटून म्हणायला लागते : "सकायले वावरमा जास, रातले माईकवर गास."

खान्देशातल्या अहिराणी बोलीतला रॅप : सकाळी शेतात जाते, रात्री माईकवर गाते. गुरू कोण, असं विचारलं तर तिघींनी मोबाईल पुढे केला.

[दृश्य : मोबाईलचा पडदा जवळून. तीन चेहरे त्यावर वाकलेले.]

डॅना ओवेन्स. जगाला माहीत असलेलं नाव क्वीन लतीफा. जन्म १९७०चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहरातला. आई शिक्षिका, वडील पोलिसात. शाळेत असताना मैत्रिणींचा एक रॅप गट होता, त्यात ही गायची नाही. तोंडाने ताल द्यायची. बर्गरच्या दुकानात कामही केलं. मग एका मित्राच्या घरच्या तळघरात गाणी बांधायची, कॅसेट भरायची, ती कोणाच्या तरी हाती लागेल म्हणून धडपडायचं, असे दिवस. कॅसेट पोहोचली फॅब फाइव्ह फ्रेडीकडे, म्हणजे टीव्हीवर रॅपचा कार्यक्रम चालवणाऱ्या माणसाकडे. १९८९ साली पहिला अल्बम आला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. या वसतिगृहातल्या मुलींच्याच वयाची.

त्या अल्बममधल्या 'लेडीज फर्स्ट'चा व्हिडिओ या मुली थांबवून थांबवून बघतात. सुरुवातीला काळ्या स्त्री-नेत्यांची छायाचित्रं येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाची दृश्यं आहेत. आणि लतीफा सेनापतीसारखी एका मोठ्या नकाशापुढे उभी आहे. नकाशावरच्या गोऱ्या सोंगट्या ती हाताने पाडते आणि त्यांच्या जागी काळ्या मुठी ठेवते. त्या काळी रॅपच्या बहुतेक व्हिडिओंत पोरी मागे नाचायला असत. इथे मुलगी मोहिमेवर आहे आणि आज्ञा तिची चालते.

[दृश्य : आसोद्याचा रस्ता, केळीच्या बागा. मग जातं, खुंट्यावर हात.]

जळगावहून आसोदा अगदी जवळ. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई दळताना, शेतात काम करताना लेवा बोलीत ओव्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यातलं काही टिपून ठेवलं म्हणून ते उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह छापला गेला. दळताना जात्याची घरघर, तीच लय, आणि त्या लयीवर बाईने स्वतःच्या संसाराचं, शेताचं, माणसांच्या स्वभावाचं बोलायचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, घरोघरी बसते, तेव्हाही रात्रभर बायकाच गातात. शब्द आणि ठेका या मातीतल्या बायकांकडे पहिल्यापासून आहेत. त्यांच्यासमोर माईक मात्र कोणी ठेवला नाही. आज अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात, आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांतल्या पोरीचं वर्णन बहुतेक वेळा पोरगाच करतो. ती काय म्हणते, हे ऐकायचं राहूनच गेलंय.

[दृश्य : मुलगी वहीत लिहिते. खाडाखोड.]

१९९२ साली लतीफाचा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. मोटारसायकल तिनेच घेऊन दिलेली होती. तिची किल्ली लतीफाने गळ्यात घातली. 'लिव्हिंग सिंगल' ही टीव्ही मालिका १९९३ ते १९९८ चालली, तिच्यात ती एका मासिकाच्या मालकिणीचं काम करायची. त्या भागांमध्ये नीट बघा, किल्ली गळ्यात दिसते. शीर्षकगीतही तिचंच.

१९९३ मध्येच 'युनिटी' आलं. रस्त्याने जाणाऱ्या बाईला मागून हात लावणारा, घरात मारहाण करणारा, यांना समोरासमोर जाब विचारणारं गाणं. त्याला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं. एसटीच्या गर्दीत उभं राहून कॉलेजला येणाऱ्या आमच्या पोरींना या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

[दृश्य : एसटी स्टॅण्ड, गर्दी. मग टेबल, मोबाईल, हेडफोन.]

सिनेमात ती १९९१ पासून छोट्या भूमिका करत होती. १९९६च्या 'सेट इट ऑफ'मध्ये बँक लुटणाऱ्या चार मैत्रिणींपैकी एक. २००२च्या 'शिकागो'मध्ये तुरुंगाची मेट्रन, म्हणजे कैदी बायकांवरची अधिकारी, त्यासाठी ऑस्करचं नामांकन. रॅपमधून आलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तिचं ऑफिस. जोडीदाराला घेऊन तिने 'फ्लेवर युनिट' ही कंपनी काढली, दुसऱ्या कलाकारांचं काम बघितलं, पुढे चित्रपट बनवले. ब्लूज गायिका बेसी स्मिथची भूमिका तिला विशीतच खुणावत होती. तो चित्रपट २०१५ साली आला, तेव्हा ती त्याची नायिका होती आणि निर्मातीही. निर्माती म्हणून तिला एमी, म्हणजे टीव्हीसाठीचं पारितोषिक, मिळालं. २०२३ साली अमेरिकेतल्या केनेडी सेंटरचा कलाकारांसाठीचा सन्मान मिळवणारी ती पहिली महिला रॅपर ठरली.

[दृश्य : रेकॉर्डिंग. गादी उभी करून केलेला आडोसा.]

आता हे रेकॉर्डिंग बघा. पंखा बंद केला, नाहीतर त्याचा आवाज येतो. भिंतीला गादी टेकवली. हेडफोन एकच, तो जी गाणार तिच्या कानाला. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा शब्द मराठीकडे सरकले, 'जास'चं 'जाते' झालं. बाकीच्या दोघींनी थांबवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबवलं. शेवटी तिने डोळे मिटून घरी आजीशी बोलते तसं म्हटलं आणि ते बसलं.

घरचे अजून तयार नाहीत, म्हणून व्हिडिओत चेहरे नसतील.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आज गाण्यांचे स्टुडिओ आहेत. त्यांच्या मालकांना आमचं सांगणं आहे : आठवड्यातली एक दुपार मुलींसाठी ठेवा, पैसे घेऊ नका. गाण्याच्या पाटीवर, जिने लिहिलं तिचं नाव सगळ्यांच्या आधी टाका. ती स्वतः नको म्हणत असेल, तरच सोडा.