सिंक्रो आहे, मग रेव्ह मॅच कशाला? स्पोर्ट्स कारमधला मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक

नमस्कार मंडळी!

मागच्या व्हिडिओखाली बहुतेकांनी एकच विचारलंय. “दादा, स्पोर्ट्स कारमध्ये मॅन्युअल फास्ट की ऑटोमॅटिक?” ऑटोमॅटिक. यात वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. ९९२ पिढीची पोर्शे ९११ जीटी३ घ्या. इंजिन तेच, गाडी तीच. पीडीके गिअरबॉक्स असेल तर शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत, सहा गिअरचा मॅन्युअल असेल तर ३.९. मॅन्युअलवाली गाडी सतरा किलोनं हलकी आहे, तरी अर्धा सेकंद मागे.

कारण पटकन सांगतो, तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. पीडीके म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. एका क्लचवर १, ३, ५, ७. दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते. बीएमडब्ल्यूच्या एम२ला टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे, तोही मॅन्युअलपेक्षा फास्टच.

आणि हो, “पॅडल मारून गिअर बदलतो म्हणजे माझी गाडी मॅन्युअल” असं कृपा करून लिहू नका. पॅडल म्हणजे स्टीअरिंगमागचं बटण. तुम्ही विनंती करता, गिअर गाडी बदलते. डाव्या पायाखाली क्लच नसेल तर ती मॅन्युअल नाही.

आता मुद्द्यावर येतो. एका कमेंटवरून हा व्हिडिओ केलाय. कोल्हापूरच्या एका प्रेक्षकानं लिहिलंय, “आजकाल सगळ्या गाड्यांना सिंक्रो असतो, मग डाउनशिफ्टला ॲक्सिलरेटर मारायची गरजच काय?” खाली दोनशे लाइक! सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्सच्या आतले वेग जुळवून गिअर अलगद बसवणारी रचना. डाउनशिफ्ट म्हणजे खालचा गिअर टाकणं, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर मारून इंजिनचे फेरे जुळवणं म्हणजे रेव्ह मॅच. म्हणून आज यावरच बोलणार आहे.

(टेबलावरची क्लच प्लेट उचलून)

ही बघा. हिच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स आणि चाकं. क्लच दाबला की दोन्ही बाजू सुट्या. सिंक्रो जुळवून देतो ते फक्त गिअरबॉक्सच्या आतलं. दात दातात कर्र न करता बसतात. इंजिनच्या बाजूला काय चाललंय ते सिंक्रोच्या हातात नाहीच, कारण मध्ये क्लच सुटलेला आहे.

समजा चौथ्या गिअरमध्ये तुम्ही ४,००० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) आहात आणि तिसरा टाकायचाय. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन साधारण ५,६०० वर फिरायला हवं. क्लच दाबून ॲक्सिलरेटरवरचा पाय वर घेतलात तर इंजिन ४,००० वरूनही खाली पडतं, समजा ३,००० वर. सिंक्रोनं गिअर अलगद बसवला. आता क्लच सोडलात की एका बाजूला ३,०००, दुसऱ्या बाजूला ५,६००. मधला फरक कोण भरणार? चाकं. ती इंजिनला खेचून वर नेणार, आणि तेवढा वेळ मागच्या टायरवर ब्रेक लागल्यासारखं होणार.

नाही पटलं? मुंबईकरांनो, सुटलेल्या लोकलमध्ये चढणारा माणूस आठवा. (चढू नका, फक्त आठवा.) तो आधी फलाटावर चार पावलं गाडीच्या वेगानं पळतो आणि मग पाय ठेवतो. उभ्या जागेवरून पाय टाकला तर हात उखडेल. हँडल कितीही पक्कं असलं तरी उखडेल. सिंक्रो म्हणजे ते हँडल. चार पावलं तुम्हालाच पळावी लागतात, म्हणजे क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला एक ठोका द्यावा लागतो.

मी हे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शिकलो. सकाळी पाऊस पडून गेलेला, गाडी रिअर व्हील ड्राइव्ह. वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकला, ठोका न देता क्लच झटकन सोडला. मागची दोन्ही चाकं क्षणभर लॉक झाली आणि गाडी आडवी होऊन गवतात गेली. कुणाला काही लागलं नाही, पण तो क्षण अजून अंगात आहे. गिअर मात्र लोण्यासारखा बसला होता. सिंक्रोनं त्याचं काम चोख केलं होतं.

याच्याच पुढची पायरी म्हणजे चुकीचा गिअर. तिसऱ्यात ८,००० वरून चौथा टाकताना हात डावीकडे सरकला आणि दुसरा पडला, तर इंजिन अकरा हजारांच्या पुढे फेकलं जातं. “रेव्ह लिमिटर आहे ना?” असं विचारणारेही आहेत. लिमिटर पेट्रोल तोडतो. इथं इंजिनला पेट्रोल फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले की लाखोंचं इंजिन गेलं. पीडीकेला तुम्ही असं काही सांगितलंत तर ते सरळ नकार देतं. रेव्हसुद्धा स्वतः जुळवतं, दर वेळी, न चुकता.

मग मॅन्युअल घ्यायचीच कशाला, असं पोर्शेलाही एकदा वाटलं होतं. २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आली. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये मॅन्युअलची ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या. मागणी एवढी की पुढच्याच वर्षी जीटी३मध्ये मॅन्युअल परत आला. टोयोटाच्या सुप्राचंही तेच. २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक, २०२२ मध्ये मॅन्युअल. अर्धा सेकंद हळू आहे हे ठाऊक असूनही लोकांनी हट्टानं मागितला. मला तो हट्ट मनापासून पटतो. ब्रेकवर पंजा, टाचेनं ॲक्सिलरेटरचा ठोका, डाव्या पायानं क्लच सोडणं, आणि गाडीला जरासाही हिसका न बसता तिसरा लागणं. महिनोन्‌महिने घोटल्यावर हे जमतं, आणि जमलं की ते इंजिनच्या आवाजातूनच कळतं.

नव्या मॅन्युअल जीटी३मध्ये ऑटो-ब्लिप आहे, म्हणजे ठोका गाडीच देते. मी ते बंद ठेवेन. पावसात मात्र चालू.

ज्यांच्याकडे स्पोर्ट्स कार नाही, त्यांनी आपल्या साध्या गाडीवर करून बघा. मोकळा, कोरडा, सरळ रस्ता, ब्रेक न लावता, चौथ्यातून तिसरा. क्लच दाबा, गिअर टाका, हलका ठोका, क्लच सोडा. मान पुढे गेली तर ठोका कमी पडला. गाडी पुढे उसळली तर जास्त झाला. टाच-पंजाचं पुढच्या व्हिडिओत करू, पायाखालच्या पेडलजवळ कॅमेरा लावून.