गाईड व्हायचं, की आधी जिप्सी घ्यायची?

ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींपुढे आज हा प्रश्न आहे: सफारीत गाईड व्हायचं, की पर्यटकांना फिरवणारी उघडी जिप्सी घ्यायची. जंगल दाखवून पोट भरणं या भागाला नवं नाही. १९७० पर्यंत नागपुरातून शिकारीच्या सहली निघत. अॅल्विन कूपरसारख्या कंपन्या परदेशी पाहुण्याला मुक्काम, मचाण, हाकारे असं सगळं पुरवत. माग काढणारा माणूस मात्र गावातलाच असे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो धंदाच मिटला. माग वाचायची विद्या राहिली. आजच्या गाईडचं अर्धं काम तीच विद्या आहे.

जंगलाची आवड असणं चांगलंच, पण निर्णय त्यावर घेऊ नका. निर्णय पाळ्यांवर, म्हणजे गाईडच्या वाट्याला येणाऱ्या फेऱ्यांवर, घ्या. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ ऑक्टोबरला उघडतो आणि ३० जूनला बंद होतो, म्हणजे २७३ दिवस. मंगळवारची सुट्टी धरून ३९ दिवस वजा करा, उरले २३४. सकाळ-दुपार मिळून ४६८ फेऱ्या. सणावाराच्या बंदीमुळे आणखी काही कमी होतील. आता तुमच्या गेटवर एका फेरीला किती गाड्या सोडतात आणि नोंदलेले गाईड किती, हे विचारा. समजा गाड्या १२ आणि गाईड ४८ आहेत. सगळ्या गाड्या रोज भरल्या तरी एका गाईडला वर्षाला ११७ पाळ्या येतात. बुकिंग दोन तृतीयांशच झालं तर ७८. या आकड्याला गेटवर लावलेल्या दरानं गुणा, ती तुमची वर्षाची कमाई. बक्षिशी यात धरू नका. बक्षिशीवर घर चालवायला निघालेला गाईड वाघामागे गाडी पळवायला लावतो, आणि एक दिवस त्याची पाळीच बंद होते.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती फारसं कोणी बोलत नाही. गेट उघडतं तेव्हाच धान कापणीला येतं. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफूल वेचायला जावं लागतं, आणि सकाळच्या फेरीला गेटवर हजर राहायची वेळही तीच. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त असते, पर्यटक खूप येतात, आणि तेंदूपत्त्याची तोडणीही तेव्हाच चालते. म्हणून पाळ्यांच्या कमाईतून घरातला एक माणूस या कामांतून निघाल्याचं नुकसान वजा करा. भाऊ, आई, वहिनी यांच्यात काम वाटून घेता येत असेल तर गाईडगिरी परवडते. एकट्याच्या जिवावर शेती असेल तर पहिल्याच हंगामात ओढाताण होते. हे बोलणं अर्ज भरण्याआधी घरी व्हायला हवं.

आता कामाबद्दल. सकाळच्या पहिल्या फेरीत रस्त्याच्या मातीवर दोन गोष्टी वाचायच्या: टायरची नक्षी आणि पंजा. कालच्या नक्षीवर पंजा उमटला असेल तर वाघ रात्री गेला. आज पुढे गेलेल्या गाडीच्या नक्षीवर असेल तर तो आत्ताच गेला, तिथं गाडी बंद करून कान द्यायचा. पंजावरून टायर गेलं असेल तर माग जुना, त्यामागे लागू नये. नराचा मागचा पंजा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा पडतो, ते ध्यानात घेतलं नाही तर एकाच वाघाचे दोन वाघ होतात.

कॉलचंही, म्हणजे धोका दिसला की प्राणी देतात त्या इशाऱ्याच्या आवाजाचंही, तसंच. चितळ रानकुत्र्याला, बिबट्याला, कधी माणसालाही ओरडतं. एकट्या चितळावर गाडी वळवू नये. वानर उंचावरून पाहतं, म्हणून त्याच्या कॉलला वजन जास्त. सांबर एका जागी उभं राहून पुन्हा पुन्हा ओरडत असेल तर थांबा, इंजिन बंद करा आणि सांबराचं तोंड कुठे आहे ते पाहा.

वाघ दिसला नाही तर चार तास काय बोलणार? इथे बरेच नवे गाईड गप्प बसतात. साग आणि बांबू ओळखणं पुरेसं नाही. पांढऱ्या सालीचा कांडोळ, अर्जुनाच्या खोडावरचे अस्वलाचे ओरखडे, तलावातल्या मगरी, ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं तो गोंडांचा तारू देव, हे सगळं नीट सांगता आलं पाहिजे. हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे, फक्त ओळीनं बोलायची सवय करा. नियमांचे आकडे पाठ हवेत: वाघापासून किमान २० मीटर, दोन गाड्यांत ५० मीटर. गाडी बंद पडली तरी खाली कोणी उतरायचं नाही, दुसऱ्या गाडीबरोबर निरोप धाडायचा. मोठ्या शहरातला पाहुणा आग्रह करतो तेव्हा ‘नाही’ म्हणता येणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

जिप्सीचा हिशोब वेगळा. मारुतीनं सामान्य ग्राहकांना जिप्सी विकणं २०१९ मध्ये बंद केलं, त्यामुळे हातात येते ती जुनीच. घेताना पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), क्लच, रेडिएटर आणि चेसिसचा गंज मेकॅनिककडून पाहून घ्या. खाली वाकलेला पाटा खड्ड्यात तुटतो आणि त्या दिवसाची फेरी जाते. किती जुन्या गाडीला प्रवेश देतात, हे गेटवर विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. व्यावसायिक परवाना, प्रवाशांसह विमा, पीयूसी आणि फिटनेस हवा. आठ वर्षांपुढच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं.

सहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३,०४५ रुपयांच्या आसपास बसतो. वर्षाचे १,५६,५०० होतात. हप्ता बारा महिने जातो, कोअरची कमाई नऊच महिन्यांची. म्हणजे हंगामात महिन्याला १७,४०० बाजूला पडायला हवेत, तेही पेट्रोल, ड्रायव्हरची मजुरी आणि दुरुस्ती वजा जाता. पावसाळ्यात बफरच्या फेऱ्या असतात, पण रस्ते चिखलाचे आणि पर्यटक मोजके. त्यावर हप्ता अवलंबून ठेवू नये.

म्हणून आमचा सल्ला असा, की आधी एक पूर्ण हंगाम गाईड म्हणून काढा. रोज वहीत चार रकाने लिहा: पाळी मिळाली का, गेटवर किती गाड्या भरल्या, किती रिकाम्या परतल्या, कुठली गाडी कशामुळे बंद पडली. जूनअखेर ती वही घेऊन बँकेत जा, आणि हप्ता ऑक्टोबर ते जून असा बांधून मिळतो का ते विचारा. नाही म्हणाले तर आणखी एक हंगाम गाईडच राहा.