कान उभे राहायचे तेव्हा राहतील

नमस्कार श्रोतेहो.

मी ढोरांचा डॉक्टर. म्हणजे कागदावर पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. पण आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-नेरच्या पट्ट्यात जनावराला सुई टोचणारा कोणीही डॉक्टरच असतो, आणि तो निवृत्त झाला म्हणून लोक काही त्याला सोडत नाहीत.

यंदाच्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायची घाई, अंगणात हळद-तुपाचा वास, आणि तेवढ्यात एक ओळखीचा शेतकरी मोटारसायकलवरून आला. पुढे टाकीवर दुपट्यात गुंडाळलेलं जर्मन शेफर्डचं पिल्लू. उतरल्या उतरल्या म्हणाला, "डॉक्टरसाहेब, याचे कान काऊन उभे नाई होत जी?"

पिल्लू चांगलं होतं. पाच महिन्यांचं, पाठ काळी, पाय तांबूस, पंजे अंगाच्या मानानं थोराड. फक्त कान तेवढे दोन्ही बाजूंना लोंबत होते. यानं ते मृगाच्या सुमारास शहरातून आणलेलं, चांगले पैसे मोजून. "इकनाऱ्यानं तं अस्सल हाय म्हनून देलं," तो सांगत होता, "अन् गावातले लोकं म्हन्तात, फसला तू, गावठीच हाये."

मी विचारलं, खायला काय देता? त्यानं पिशवीतून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. डबा ओळखीचा होता. गाय व्याली की तिला पाजतो, ते कॅल्शियम. दोन झाकणं सकाळी, दोन झाकणं संध्याकाळी, गेला महिनाभर. कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, दात येताना कानातलं कॅल्शियम दातात उतरतं, म्हणून कान पडतात.

हे "कोणीतरी" आमच्या भागात फार. माणूस सापडत नाही, सल्ला मात्र घरोघरी पोचलेला असतो.

आता नीट ऐका. कान हाडाचा नसतो. आपल्या स्वतःच्या कानाचा वरचा भाग चिमटीत धरून वाकवून बघा, सोडला की परत जागेवर येतो. त्याला कूर्चा म्हणतात. कुत्र्याचा कानही तसाच, आणि त्याला बुडाशी धरून ठेवणारे लहान लहान स्नायू. जन्मल्यावर पिल्लाचे कान डोक्याला चिकटलेले असतात, आतून बंदही असतात. दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतात, त्याच्याच आगेमागे कानाची भोकं उघडतात. पण कान ऐकू लागला म्हणजे उभा राहू लागला असं नाही. कैरीचं कसं असतं? सुरुवातीला सुरी कोयीतूनही आरपार जाते. मग हळूहळू कोय धरते, आणि एक दिवस सुरी अडते. कानाच्या बुडाचं तसंच आहे. त्या पिल्लाच्या कानाचं बूड मी चिमटीत धरून पाहिलं. खाली घट्ट लागत होतं, शेंडा तेवढा मऊ होता. याचा अर्थ काम चालू आहे.

जर्मन शेफर्डमध्ये कोणाचे कान दोन महिन्यांतच उभे राहतात, कोणाला पाच-सहा महिने लागतात. एकाच वेताची पिल्लं असली तरी वेळ सारखी नसते. मधल्या काळात नाना तऱ्हा दिसतात. आज डावा उभा, उद्या उजवा. कधी दोन्ही कान डोक्यावर मध्यभागी एकमेकांना टेकतात, नमस्कार केल्यासारखे. कधी उभे राहिलेले पुन्हा पडतात. हे पडणं बहुतेक दात येण्याच्या काळात होतं, आणि त्या "कोणीतरी"चा गोंधळ इथंच होतो. कुत्र्याला दुधाचे दात 28 असतात, पक्के 42. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बसतात. त्या दिवसांत पिल्लाच्या हिरड्या ठणकत असतात, ते बाजेची दोरी कुरतडतं, चपलेचा पट्टा चावतं, दोरीला रक्ताचा डाग दिसतो. दात आणि कान दोन्ही एकाच वयात होतात, एवढंच त्यांचं नातं. दातानं कानातून काही चोरलेलं नसतं.

त्या डब्यावर मात्र मी जरा रागावलो. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही. वयानं मोठा झालेला कुत्रा आतड्यातच ते अडवतो. पिल्लाचं आतडं येईल तेवढं शोषत जातं. मग हाडांची वाढ बिघडते, सांधे दुखतात, पाय वाकडे पडतात. मी त्या पिल्लाला अंगणात चालवून पाहिलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. पुढचा उजवा पाय ते किंचित राखून टाकत होतं. मालकाला ते दिसलंच नव्हतं, कारण महिनाभर तो फक्त कानांकडे बघत होता.

डबा बंद करायला लावला. जोडीला व्हिटॅमिन डीचे थेंब चालू होते, तेही बंद. मग खाण्याचं विचारलं तर नुसती दूध-भाकर. वाढत्या जर्मन पिल्लाचं त्यावर भागत नाही. पिल्लांसाठीचं तयार खाद्य परवडत असेल तर उत्तम. त्यात कॅल्शियम मापात असतं, वरून घालायचं नाही. नाही परवडत, तर घरच्या खाण्यात उकडलेलं अंडं हवं, चिकन हवं, आणि त्याचं माप एकदा डॉक्टरकडून ठरवून घ्या, कारण नुसतं मांसही एकांगी पडतं. आणि आपल्या सावजीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देऊ नका. तिखटाचं सोडा, त्यातला कांदा कुत्र्याचं रक्त बिघडवतो. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

जंताचं औषध विचारलं. एकदा दिलं होतं, आणलं तेव्हा. पोटात जंत असलेलं पिल्लू जे खाईल त्यातलं त्याच्या वाट्याला किती येणार? वाढच खुंटली तर कानही मागे राहतात. सहा महिन्यांचं होईपर्यंत डॉक्टरच्या सल्ल्यानं जंताचं औषध देत राहावं लागतं. पार्व्होच्या, म्हणजे रक्ताची हगवण लावणाऱ्या रोगाच्या, आणि पिसाळीच्या लसीचंही तसंच. कान पडके राहिलेला कुत्रा दहा-बारा वर्षं जगेल, पार्व्हो झालेलं पिल्लू कदाचित चार दिवस.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नोकरीत नवा होतो. घरी एक जर्मनची मादी आणली, राणी नाव. चार महिन्यांची झाली तरी उजवा कान पडलेला. मी डॉक्टर! मला काय अवघड? ड्रेसिंगचा चिकटपट्टा घेतला, आत पुठ्ठ्याची गुंडाळी घातली आणि कान बांधून टाकला. पावसाळा होता. दौऱ्यावर गेलो, आठवड्याचे दोन आठवडे झाले. पट्टा सोडला तेव्हा आतून आंबूस वास आला, कातडी ओली, लाल, केस पट्ट्याबरोबर निघून आलेले. राणी महिनाभर मला डोक्याला हात लावू देत नव्हती. आणि कान? तो पुढे कधी पूर्ण उभा राहिलाच नाही. बांधला नसता तर राहिला असता का, याचं उत्तर आता कोण देणार. त्या दिवसापासून कानाला खडा. काही जाणते पाळणारे पाच महिन्यांनंतर, हवा खेळेल असा हलका आधार चिकटवतात, दर काही दिवसांनी काढून बघतात. ते डॉक्टरनं समोर बसून करावं. घरी, पावसाळ्यात, चिकटपट्ट्यानं? अजिबात नाही.

एकदा एकानं विचारलं होतं, "डॉबरमॅनचे कापतेत, तसे याचे कापून द्या ना." अरे बाबा, डॉबरमॅनचे कान मुळातच लोंबणारे. ते माणसानं हौसेखातर कापून उभे केले, आणि ती हौस जनावराच्या जिवावरची आहे. जर्मनला कापायचं काही नसतंच. त्याला चहा पाजून परत पाठवला.

बरं, हे उभ्या कानाचं एवढं वेड आलं कुठून? शेफर्ड म्हणजे धनगर. हा मुळात धनगराचा, मेंढ्या वळणारा कुत्रा. जर्मनीत वेगवेगळ्या भागांतल्या मेंढपाळांकडे वेगवेगळे कुत्रे होते, कोणाचे कान उभे, कोणाचे पडके. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या कॅप्टननं 1899 साली होरांड नावाचा एक कुत्रा विकत घेतला, संघटना काढली आणि त्या कुत्र्यावरून जात बांधत नेली. उभा कान जातीच्या नियमात बसला. पण जुनं रक्त कुठंतरी असतंच. शुद्ध आई-बापांच्या पोटीही मऊ कानाचं पिल्लू येतं. तेव्हा पडके कान म्हणजे गावठी, हे काही खरं नाही. आणि आपला गावठी? त्याचे कान कित्येकदा त्या महागड्या पिल्लापेक्षा ताठ असतात.

डार्विननं 1859 च्या त्याच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की पाळीव जनावरांमध्ये एकही असं नाही, ज्याचे कान कुठल्या ना कुठल्या देशात लोंबते झालेले नाहीत. आपल्या गोठ्यातच बघा, गीर गाईचे कान गळ्यापर्यंत, दुमडलेल्या पानासारखे. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं 1959 पासून कोल्हे पाळून फक्त गरीब स्वभावाचे निवडत नेले. कान बघून एकही निवडला नाही. तरी पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर त्यांच्यात काहींचे कान पडके राहू लागले, शेपट्या वळू लागल्या. माणसाजवळ राहिलं की कानाला काहीतरी होतं, हे खरं.

तुम्ही काय बघायचं, तेवढं सांगतो. पोरांना पिल्लाचे कान ओढू देऊ नका, चोळूही देऊ नका. कानाच्या घडीत गोचीड बसतात, ती रोज बघा. कानाला घाण वास येत असेल, आत काळा मळ असेल, पिल्लू मान तिरकी धरत असेल, किंवा डोकं झटकून झटकून कान पिशवीसारखा फुगला असेल, तर ते वयाचं नाही, दुखणं आहे. तेव्हा थांबू नका. सात-आठ महिने उलटले आणि कानाचं बूडही मऊच लागत असेल, तर तो कान तसाच राहणार. अशा कुत्र्याला प्रदर्शनात कोणी घेणार नाही, त्याची पैदासही करू नका. रानडुकराला त्याच्या कानाशी काही घेणं-देणं नाही, जागलीवर भुंकला म्हणजे झालं.

दसऱ्याला तो शेतकरी सोनं द्यायला आला, पिल्लू बरोबर. आता टाकीवर मावत नव्हतं, मागं बसवून आणलं होतं. मी आधी पाय पाहिला. सरळ टाकत होतं. डावा कान ताठ, उजव्याचा शेंडा तेवढा पुढं वाकलेला. मी म्हटलं, हा कदाचित असाच राहील हं.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "लोकं आता म्हन्तात, एका कानानं रस्ता पायते अन् दुसऱ्यानं घर."