पाकिटाची किंमत आणि पाकिटातलं बी

इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण पऱ्हाटी लावतात. त्यामुळे 'ट्रेट फी' हा शब्द कुणी ऐकला नसला तरी ती भरलेली मात्र सगळ्यांनी आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारा जनुक घातलेल्या कापसाला, केंद्राची परवानगी मिळाली. अर्ज आपल्या जालन्याच्या महिको बियाणे कंपनीचा, जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचा. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट १,६०० रुपयांच्या आसपास जायचं आणि त्यातले १,२०० च्या वर रुपये त्या जनुकाचं भाडं, हीच ती ट्रेट फी. बी स्वस्त, भाडं महाग!

२००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, पाकीट ७५० वर आलं, मग आपल्या सरकारलाही जाग आली. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. मोन्सँटोच्या पुढच्या बीटी तंत्रज्ञानाचं, बोलगार्ड-२ चं, पाकिटातलं भाडं २०१६ ला ४९ रुपये झालं, २०२० ला शून्य. कंपनी ओरडली, कोर्टात गेली. ओरडणारच, तिनं काही धर्मशाळा काढलेली नव्हती.

म्हणजे जिंकलो का आपण? मला तसं वाटत नाही. आपण भांडलो ते किमतीवर. तंत्रज्ञान कोणत्या रूपात शेतात यावं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणात आहे, म्हणजे ज्याचं बी राखून पुन्हा पेरता येतं अशा वाणात. आपल्याकडे तो आला संकरितात, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून केलेल्या बियाण्यात. संकरित कापूस कंपन्यांनी आणला असं मात्र म्हणू नका. पहिला एच-४ हा सुरतच्या सरकारी केंद्राचा, १९७० चा. पण कंपनीला तो फार सोयीचा पडला. संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर जूनला दुकान गाठायचं. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा हक्क दिला आहे. कायद्यानं दिलं आणि संकरानं काढून घेतलं. शिवाय बी महाग म्हणून झाडं विरळ लावायची, पीक लांबवायचं. लांबलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळीनं काय केलं, ते २०१७ ला यवतमाळनं पाहिलं. अळीही गेली नाही आणि फवारणीत माणसं गेली.

सरळ वाणाचा प्रयत्न झाला होता, आणि तोही आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून. बिकानेरी नरमा हे वाण त्यांनी बीटी केलं. बी घरी राखता आलं असतं. पण बाजारात आल्यावर थोड्याच काळात विक्री थांबली. तपासात त्यात मोन्सँटोचाच जनुक निघाला. या एका गोष्टीचं मला जेवढं वाईट वाटतं, तेवढं त्या १,६०० रुपयांचं वाटत नाही. कंपनीला पर्याय उभा करायची सरकारी संधी आपल्याच घरात नासली, आणि पुन्हा हात घालायला वर्षं गेली.

आता चोरबीटीकडे, म्हणजे परवानगीविना विकल्या जाणाऱ्या बियाण्याकडे, या. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला कापूस उघडपणे लावला. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य आम्हाला हवं, ही त्यांची मागणी मला पटते. पण चोरबीटीच्या पाकिटावर कंपनीचं खरं नाव नाही, किंमत नियंत्रण नाही, पक्की पावती नाही. उगवलं नाही तर पंचनामा कुणाच्या नावानं करणार?