खुबा बदलला, आता घराचं बघा

[दृश्य: हाडांचा वॉर्ड, सकाळ]

बेळगावातलं एक रुग्णालय. खिडकीकडच्या खाटेवरच्या आजी जांबोटी भागातल्या. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. सत्तरीपुढच्या माणसाला हाड जुळेपर्यंत अंथरुणात ठेवणं धोक्याचं. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्त गोठतं. म्हणून आजींचा अर्धा सांधा, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, बदलला.

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. रात्र सिस्टरांनी काढली.

कुशीवर वळवायचं तर दोन्ही मांड्यांत उशी, नाहीतर नवा सांधा निखळायची भीती. टाचा गादीवर घासू द्यायच्या नाहीत. त्यात मध्यरात्री आजींना भ्रम झाला. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना होतो तसा. "म्हस सोडा की, पाणी दाखवायचंय," म्हणत उठायला लागल्या. सिस्टर गोकाककडच्या, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी हात धरला. "म्हैस पाणी पिली आज्जी. आता तुम्ही प्या." पुस्तकात याचं उत्तर वेगळं असेल. आजी पाणी प्याल्या आणि निजल्या.

दुसऱ्या दिवशी, आधी दुखण्याची गोळी देऊन, वॉकरला धरून उभं केलं.

[दृश्य: खाटेशेजारी सून, हातात डिस्चार्ज कार्ड]

डिस्चार्ज सकाळी सांगितला, कागद हातात पडेपर्यंत दुपार कलली. बिलाच्या खिडकीपुढची रांग सगळ्यांनी पाहिलेली आहे, ती दाखवत नाही. कागदावर गोळ्या आहेत, टाके काढायची तारीख आहे. घरी गेल्यावर आजी बसणार कशावर, ते नाही.

ते सिस्टरनी विचारलं. "अक्का, घरी संडास कसला?" खाली बसायचा. "झोपतात कुठं?" जमिनीवर, वाकळ टाकून. "चूल?" तीही खालीच.

मग एकेक सांगत गेल्या. गुडघा कंबरेच्या वर जाता कामा नये. पाट बंद, मांडी बंद, उकिडवं बसणं बंद, पायावर पाय टाकणंही बंद. खाट उंच हवी, पण पायांखाली विटा नकोत, सरकतात. कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ती आजच न्या. ओम्नीतून जाताना सीट मागं सारा, खाली उशी घाला.

रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या चामडीखाली द्यायचं इंजेक्शन. पहिलं सिस्टरनी दिलं, पुढचं सुनेकडून देववलं. सुनेचा हात थरथरत होता. "चिमटीत धरा, सरळ टोचा, नंतर चोळू नका." शेवटी सगळं तिच्याच तोंडून वदवून घेतलं: पोटरी सुजली, धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, पाय एकाएकी आखूड किंवा वळलेला दिसला, तर तारखेची वाट बघायची नाही. तडक दवाखाना गाठायचा.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. वॉर्ड भरलेला असला की आधी हाच अर्धा तास कापला जातो, आणि कागदात त्याची नोंदही नसते.

चाकाच्या खुर्चीत बसवल्यावर आजींनी आपली अडचण काढली. "गणपतीला खाली बसल्याशिवाय मोदक कसे वळू?"

"टेबल घ्या आज्जी, खुर्चीत बसून वळा," सिस्टर म्हणाल्या.

टेबल शेजाऱ्यांकडं आहे, असं सुनेनं सांगितलं. मागून आणायचं ठरलं.