राणीच्या बागेत जरा थांबा

नमस्कार, श्रोतेहो.

थंडीचे दिवस म्हणजे मुंबईत शाळांच्या सहलींचे दिवस. भायखळा स्टेशनाबाहेर एकमेकांचा हात धरलेल्या, गणवेशातल्या मुलांची रांग दिसली, की ती कुठे निघालीय हे सांगावं लागत नाही. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आजी, आई, नातू, सगळ्यांच्या तोंडी राणीची बागच. १८६२ साली उघडलेली ही बाग अजून मुलांना पुरून उरते. माझं गाऱ्हाणं आहे ते सहलीच्या घाईबद्दल.

दोन-अडीच तासांत सगळे प्राणी उरकायचे! "चला, पुढे चला, मागचे खोळंबलेत." संध्याकाळी घरी विचारावं तर उत्तर मिळतं, "वाघ झोपला होता, पेंग्विन बघितले, मग डबा खाल्ला." वाघाने झोपू नये तर काय करावं? तो शिकारीला निघतो तो बहुतेक तिन्हीसांजेला नाहीतर रात्री. आपण जातो भर दुपारी आणि वर हाका मारतो.

बाई, सर, यंदा एक करून बघा. निम्मे पिंजरे सोडून द्या आणि पाणघोड्यापाशी मुलांना वीस मिनिटं बसवा. पहिली पाच मिनिटं कुरकुर होईल, होऊ द्या. मग एखादी पोर विचारेल, "बाई, त्याचे फक्त डोळे आणि कानच का दिसतात?" डोळे, कान, नाकपुड्या सगळं डोक्याच्या वरच्या अंगाला, म्हणून अख्खं धूड पाण्यात ठेवूनही त्याला दिसतं, ऐकू येतं, श्वास घेता येतो. बुडी मारताना नाकपुड्या घट्ट मिटतात. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच दिसू द्या. त्याने जबडा वासला की सगळी ओरडतील, "जांभई!" पण तो बहुतेकदा दुसऱ्याला दाखवलेला धाक असतो. दिवसभर पाण्यात का, तर उन्हात त्याची कातडी फार लवकर सुकते. गवत खायला तो बाहेर पडतो रात्री.

चितळांपाशी एकच प्रश्न पुरे : शिंगं कोणाला आहेत आणि कोणाला नाहीत? शिंगं फक्त नराला. ती दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. गाईचं शिंग असं गळत नाही, हे ऐकून मुलं चाट पडतात. नव्या शिंगांवर मखमलीसारखी लव असते. ती दिसली तर सहलीचे पैसे वसूल.

पेंग्विनची गर्दी काही टळत नाही. २०१६ साली सोलहून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन. मुलं तिथे बर्फ शोधतात, आणि मोठी माणसंही! पण यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, खडक आहेत, वाळवंटाला लागून असलेली कोरडी जमीन आहे; गार असतो तो समुद्राचा प्रवाह. प्रत्येकाच्या छातीवरचे काळे ठिपके वेगळे असतात. मुलांना सांगा, एकच पेंग्विन निवडा आणि गर्दीत तो पुन्हा ओळखून दाखवा. काचेवर टकटक मात्र नको.

प्रश्नपत्रिकेसारखे छापील कागद नेऊ नका. मुलं मान खाली घालून रकाने भरतात आणि समोरचं जनावर निघून जातं. कोरी वही आणि पेन्सिल न्या. चित्र वेडंवाकडं आलं तरी काढताना बघावं तर लागतंच. वेफर्सची पाकिटं दप्तरातच राहू द्यात. हरणाला खाऊ घालण्याची हौस त्याच्या पोटाला भोवते.

आणि हो, तारीख ठरवण्याआधी वार बघा. बुधवारी बाग बंद असते.

नमस्कार.